मैना नक्की कोण? एका छक्कडीचा अर्थ लावताना झालेली भांडणं आणि त्यातून हाताला लागलेलं

गेल्या वर्षी फेब्रुवारीत रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. ती पुण्यात बीएच्या दुसऱ्या वर्षाला, कॉलेजात मराठी भाषा गौरव दिनाला प्रत्येक ग्रुपने एक गाणं घ्यायचं आणि त्याचा अर्थ स्टेजवर उलगडून दाखवायचा असं ठरलेलं, आणि यांनी घेतलं होतं 'माझी मैना गावावर राहिली'. अण्णाभाऊ साठ्यांची छक्कड. फोन उचलल्या उचलल्या पहिलं वाक्य, "मामा, मैना म्हणजे नक्की कोण ते सांग की, इथं आमची भांडणं लागल्यात."

भांडण असं होतं. तिघांचं म्हणणं की हे सरळ विरहाचं गाणं आहे, नवरा पोटासाठी मुंबईला गेला, बायको गावाकडं राहिली, उगाच त्यात राजकारण घुसडू नका. दुसऱ्या तिघांनी कुठंतरी वाचलेलं की मैना हा कोडवर्ड आहे, मैना म्हणजे मुंबई, गाणं संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचं आहे आणि बायको हे नुसतं वरचं कव्हर. आणि ग्रुपमधली एक मुलगी निपाणीची, ती म्हणाली मैना म्हणजे बेळगाव, आमच्याकडं लहान पोराला पण माहितीय, आमच्यात हे गाणं १ नोव्हेंबरला, सीमाभागातली मराठी माणसं काळा दिवस पाळतात तेव्हा वाजतं आणि कुणाला अर्थ विचारावा लागत नाही.

मला तिन्ही बाजूंचं ऐकून आधी एकच विचारावंसं वाटलं, की तुमच्यासमोर गाणं किती आहे? तिने पाठवलं. पहिली दोन कडवी टाइप केलेली आणि अडीच मिनिटांची एक क्लिप, हळदीत वाजते तसली, जोरात ढोलकी आणि 'माझ्या जिवाची होतीया काहिली' तीनतीनदा. म्हणजे ही सात पोरं निम्म्याहून कमी गाण्यावर भांडत होती. त्यांचा यात काहीच दोष नाही, बहुतेकांच्या कानावर गाणं तेवढंच पडतं. पण या प्रकरणात सगळ्यात मोठा पुरावाच कापला गेलाय हे मला त्या रात्रीच कळलं, आणि पुढचे दहा-बारा दिवस आम्ही फोनवर जे केलं ते सगळं यातून निघालं, ते नीट लिहून ठेवावं म्हणून हे लिहितोय.

आधी माणूस कोण ते थोडक्यात, कारण त्याशिवाय गाणं उभं राहत नाही. अण्णाभाऊ जन्मले १ ऑगस्ट १९२० ला वाटेगावात, वाळवा तालुका, सांगली जिल्हा. मांग समाजात जन्म, शाळा जवळजवळ नाहीच, आणि पोरवयात आईबापांबरोबर चालत मुंबई गाठली. चालत, हे मी मुद्दाम दोनदा सांगतो. मग गिरणी, हमाली, पडेल ते काम, कम्युनिस्ट पक्ष, आणि १९४४ ला शाहीर अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक. तमाशाच्या गणात गणपतीऐवजी मायभूमीला आणि शिवरायांना वंदन करणारा हा माणूस, त्याला फॉर्म मोडायचा कसा आणि त्याच फॉर्ममध्ये नवीन भरायचं कसं हे पक्कं माहिती होतं. ही छक्कड अमर शेखांच्या पहाडी आवाजात गाजली, नंतर विठ्ठल उमपांनीही गायली.

आणि छक्कड म्हणजे काय तर लावणीच्या घरातलीच, चटपटीत चालीची, बहुतेक वेळा शृंगाराची नाहीतर विरहाची. म्हणजे ऐकणारा 'मैना' शब्द ऐकला की आपोआप एका मूडमध्ये जाऊन बसतो. अण्णाभाऊंनी त्याला तिथं बसू दिलंय, घाई केलेली नाही. दोन पूर्ण कडवी बसू दिलंय.

पहिल्या कडव्यात नुसती मैना आहे. ओतीव बांधा, गव्हाळ रंग, दवण्याची काडी, आंधळ्याची काठी. या उपमा बघा, निम्म्या लावणीतल्या आहेत आणि निम्म्या घरातल्या. 'काठी आंधळ्याची, तशी ती माझी गरिबाची' ही ओळ शृंगारात बसत नाही, ती संसारात बसते. हे मी भाचीला पहिल्यांदा दाखवलं कारण 'बायको हे नुसतं कव्हर' म्हणणाऱ्या तिघांचं इथंच अडतं. कव्हरसाठी कुणी एवढा जीव लावत नाही. याच कडव्यात मधेच एक ओळ येते, 'सीता ती माझी रामाची'. तेव्हा आम्ही ती सोडून पुढं गेलो. ती नंतर परत आली.

दुसरं कडवं निघण्याचं. मला या कडव्याबद्दल तटस्थपणे बोलता येत नाही. माझे आजोबा शिराळा तालुक्यातले, लालबागला गिरणीत तीस वर्षं काढली, एका खोलीत पंधरा-सोळा माणसं पाळीपाळीने झोपायची, जेवण खानावळीत, आणि आजी गावाकडं. वर्षातून गणपतीला नाहीतर जत्रेला भेट. आमच्याकडं घरटी एक तरी माणूस असा मुंबईत असायचा. तर हे कडवं सुरू होतं 'गरिबीनं ताटातूट केली आम्हा दोघांची' या ओळीने. भल्या पहाटेची वेळ, भाकरतुकडा बांधलेला, ती त्याला घालवायला निघते, आणि गावदरीला आल्यावर तिचं मन कोमेजतं.

इथं पोरांच्या स्लाइडवर एका खोल दरीचा फोटो होता, हिरवीगार, धुकं वगैरे. गावदरी म्हणजे दरी नव्हे. गावाला लागून असलेली जमीन, गावाची कड, जिथपर्यंत बाईमाणूस घालवायला येतं आणि तिथून मागं फिरतं ती जागा. एक शब्द चुकला तर सगळं चित्र बदलतं, कारण दरी म्हटलं की ती डोंगराच्या टोकावर उभी दिसते, सिनेमातल्यासारखी, आणि गावदर म्हटलं की ती कुणाच्यातरी बांधाजवळ उभी आहे, मागं घरं दिसतायत, थोड्या वेळाने उजाडेल आणि तिला परत जाऊन कामाला लागायचंय. फोटो काढला. तिने गावाकडच्या एका मित्राकडून त्यांच्या गावाच्या कडेचा साधा फोटो मागवला, गोठ्याची भिंत आणि उसाचा फड दिसत होता त्यात, तोच शेवटी वापरला.

मग दागिने. तिला हसवायला तो बोली करतो शिंदेशाही तोड्यांची, कोल्हापुरी साजाची, वज्रटीक, पुतळ्यांची माळ, पायात मासोळ्या, नाकात सर्जाची नथ. ग्रुपमधल्या एका हुशार पोराने यावर भारी थिअरी काढली, की शिंदेशाही म्हणजे ग्वाल्हेर, कोल्हापुरी म्हणजे कोल्हापूर, असा दागिन्यांमधून मराठी मुलखाचा नकाशाच काढलाय. ऐकायला फार छान वाटतं आणि मला पण क्षणभर मोह झाला. पण मग वज्रटीक कुठला जिल्हा? पुतळ्याची माळ कुठला? दोन दागिन्यांना जमलं आणि बाकीच्यांना जमत नाही, म्हणजे आपण आपल्याला हवं ते वेचतोय. त्या काळी बाईला नटवायचं म्हटलं की आमच्या भागात हेच दागिने तोंडात यायचे, त्यांची नावं तशीच आहेत. अर्थ लावताना ही एक गोष्ट मी आता कायम बघतो, की किल्ली एका कुलपाला लागली म्हणजे ती किल्ली खरी असं नाही, शेजारच्या चार कुलपांना लावून बघायची.

त्या दागिन्यांचा खरा अर्थ मला वाटतं त्याच्या आधीच्या ओळीत आहे. 'खैरात केली पत्रांची, वचनांची'. खैरात म्हणतोय तो. हातात काही नसलेला माणूस नखशिखांत सोनं बोलतोय, आणि दोघांनाही माहितीय की हे होणार नाही. म्हणून कळी उमलत नाही. ती रडत नाही, भांडत नाही, नुसती हसत नाही, आणि हात उंचावून उभी राहते. आणि आता बघा, मैना म्हणजे महाराष्ट्र असं एकास एक धरलं तर ही खोटी पडणारी वचनं देणारा कोण? दिल्लीवाले असायला हवेत. पण गाण्यात वचनं देणारा तिचा स्वतःचा माणूस आहे. इथं कोडवर्डची थिअरी मोडते. रूपक असं गणितासारखं बसवलेलंच नाहीये.

तिसऱ्या कडव्यात मुंबई येते आणि चाल तीच असली तरी श्वास बदलतो. बेकारांची गर्दी, यंत्राची तंत्राची मुंबई, शेंडीची दाढीची, मोटारगाडीची, तलम साडीची, माडीवर माडीची, ऐतखाऊंची आणि भांडवलदारांची. नुसती यादी, धापा टाकत. आणि या सगळ्याच्या शेवटी तो म्हणतो की पाण्याने खिसा भरला आणि वाण राहिली एका छत्रीची. अख्ख्या मराठी कवितेत गरिबीवर याच्याइतकी नेमकी ओळ मला कमी ठिकाणी सापडलीय. खिसा भरला, पण कशाने भरला ते बघा. शिंदेशाही तोडे बोललेला माणूस एका छत्रीला महाग आहे, आणि हे दोन्ही एकाच गाण्यात दोन मिनिटांच्या अंतरावर आहे. क्लिपवाल्यांपर्यंत हे पोचतच नाही.

आणि इथंच 'मैना म्हणजे मुंबई' ही थिअरी पण गेली. गाणारा मुंबईतच उभा आहे ना! मुंबई त्याच्या भोवती आहे, त्याला भिजवतेय. मैना तिथं नाही हेच तर त्याचं दुःख आहे. हे भाचीने त्या तिघांना सांगितलं तेव्हा पाच मिनिटं कुणी काही बोललं नाही म्हणे, मग एक जण म्हणाला, "पण मग चळवळ कुठंय यात?"

चळवळ त्याच्या पुढच्याच ओळीत आहे. छत्रीच्या ओळीला लागून. 'त्याच दरम्यान उठली चळवळ संयुक्त महाराष्ट्राची'. उघड, नाव घेऊन. बेळगाव, कारवार, निपाणी, गोव्यासह एकभाषी राज्य पाहिजे, असं सरळ म्हटलंय. लपवलेलं काहीच नाही. आपण छुपा अर्थ छुपा अर्थ म्हणून जो शोधत होतो तो गाण्याच्या दुसऱ्या निम्म्यात दिवसाढवळ्या बसलेला होता, फक्त तो निम्मा आपण ऐकत नव्हतो.

आता ज्यांना तो काळ माहिती नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. १९५५ ला राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल आला आणि त्यात मुंबईसह मराठी राज्य मिळालं नाही. नोव्हेंबरात फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला, जानेवारी ५६ मध्ये मुंबई केंद्राच्या ताब्यात जाणार म्हणून जाहीर झालं आणि शहर पेटलं, परत गोळीबार. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. १ नोव्हेंबर १९५६ ला गुजरातसकट मोठं द्विभाषिक मुंबई राज्य झालं आणि बेळगाव-कारवार म्हैसूर राज्यात गेले. शेवटी १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र. मधे १०६ हुतात्मे.

यात एक गोष्ट मला गाण्याशी जोडून फार महत्त्वाची वाटते आणि ती मी भाचीला चित्र काढून समजावली. मुंबई केंद्रशासित झाली असती तर काय झालं असतं? गिरणीत राबणारा नवरा एका हद्दीत आणि वाटेगावात, शिराळ्यात, कोकणात राहिलेली त्याची बायको दुसऱ्या हद्दीत. माझे आजोबा आणि आजी यांच्यामधून रेघ गेली असती. गरिबीने केलेली ताटातूट सरकारने नकाशावर छापून पक्की केली असती. म्हणून गिरणगावातला माणूस या लढ्यात एवढा जिवावर उदार होऊन उतरला, त्याच्यासाठी ते भाषेचं प्रेम तर होतंच पण ते त्याच्या घराचं प्रकरण होतं. त्यामुळे नवरा-बायकोची गोष्ट वर आणि राज्याची गोष्ट खाली, असं दोन मजली घर नाहीच हे. दोन्ही एकाच मजल्यावर राहतात.

मग शेवटची दोन कडवी. इथं मला खरा धक्का बसला, गाणं लहानपणापासून कानावर असून.

एका कडव्यात रावण येतो. चौदा चौकड्यांचं त्याचं राज्य, पण लंका जळाली, आणि तीच गत कलियुगात मोरारजी देसाई आणि स. का. पाटलांची झाली, असं नाव घेऊन. दोघंही मुंबई महाराष्ट्राला द्यायला विरोध करणारे काँग्रेसचे नेते. आणि मग 'अखेर झाली ही मुंबई महाराष्ट्राची'. परळ, लालबाग, फाउंटन, सगळी लढाईची ठिकाणं येतात. भाचीने ही ओळ वाचली आणि स्वतःच थांबली. "मामा, अरे पहिल्या कडव्यात सीता होती."

होती. 'सीता ती माझी रामाची'. तेव्हा ती नुसती बायकोची स्तुती वाटते, कुणीही बायकोला सीता म्हणतो. पण चौथ्या कडव्यात रावण आला आणि लंका जळाली की ती सीता मागून उजळते. आणि मग पुढचं कडवं काय म्हणतं? महाराष्ट्राने विजयाची गुढी उभारली, सगळं झालं, आणि 'गावाकडं मैना माझी, भेट नाही तिची'. म्हणजे लंका जळाली, रावण हरला, गुढी पण उभी राहिली, आणि सीता घरी आलेली नाही. रामायण उलटं अर्धवट सोडलंय. मी आणि ती दोघं पण फोनवर गप्प झालो होतो.

आणि लगेच पुढची ओळ, जिच्यात अण्णाभाऊ स्वतः अर्थ सांगून टाकतात: 'तीच गत झाली या खंडित महाराष्ट्राची'. 'तीच गत'. मैना म्हणजेच महाराष्ट्र असं ते म्हणत नाहीत. जशी माझी आणि मैनेची गत, तशीच या राज्याची. या एका शब्दावर मी अडून बसलो कारण सगळं भांडण तिथं मिटतं. 'म्हणजे' असतं तर बायको पुसली गेली असती. 'तीच गत' म्हटल्यावर बायको बायकोच राहते, तिचं न भेटणं खरंच राहतं, आणि त्या न भेटण्याच्या मापाने राज्याचं तुटणं मोजलं जातं. ज्याने बायको मागं सोडलीय त्याला बेळगाव सुटणं म्हणजे काय हे वेगळं शिकवायला लागत नाही. शाहिराने माणसाला ठाऊक असलेल्या दुःखावरून ठाऊक नसलेल्या दुःखाकडं नेलंय.

मग येतात नावं. बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव यांवर 'मालकी दुजांची'. इथं आम्ही दोन याद्या शेजारी शेजारी ठेवल्या. चळवळ सुरू होतानाच्या यादीत बेळगाव, कारवार, निपाणी, गोवा. शेवटच्या यादीत बेळगाव, कारवार आहेतच पण डांग आणि उंबरगाव नवीन आलेत. का? कारण द्विभाषिक मोडून गुजरात वेगळा होताना डांग आणि उंबरगाव तालुक्यातली गावं तिकडं गेली. आणि 'धोंड खंडणीची' म्हणून एक तुकडा आहे जो मी वर्षानुवर्षं नुसता यमकासाठी आलाय असं समजत होतो. विभाजनाच्या वेळी महाराष्ट्राने गुजरातला कोट्यवधी रुपये द्यायचं ठरलं होतं, त्यावर समितीच्या लोकांचा राग होता. ती खंडणी ही, असं मी वाचतो. या सगळ्यावरून निदान शेवटची कडवी ५६ च्या धामधुमीतली नाहीत, ती १९६० च्या आसपासची असणार, मुंबई मिळाल्याचं नक्की झाल्यावरची. म्हणजे बरेच जण सांगतात तसं हे 'मुंबई मिळवण्यासाठीचं' गाणं नाही. पेढे वाटायच्या दिवशी, सगळे नाचत असताना, ज्याला कोण राहिलंय ते आठवलं त्याचं हे गाणं आहे.

निपाणीची मुलगी त्यामुळे निम्मी बरोबर निघाली आणि मला तिचा निम्मा बरोबर बाकीच्यांच्या पूर्ण उत्तरापेक्षा जास्त आवडला. मैना म्हणजे एकटं बेळगाव नाही, यादीत चार नावं आहेत आणि मैना त्या चारांतली कुणी एक नाही. पण तिच्या घरात गाणं ज्या भावनेने वाजतं ती भावना गाण्याच्या शेवटाशी थेट जोडलेली आहे. सीमावादासाठी महाजन आयोग झाला, २००४ पासून सीमाप्रश्न सुप्रीम कोर्टात आहे, गावाची नावं बदलली, तिथली कन्नड माणसं पण पिढ्यानपिढ्या तिथंच राहतात आणि त्यांचं पण ते घर आहे, हे सगळं खरं. तिच्यासाठी गाण्यातलं शेवटचं कडवं अजून संपलेलं नाही एवढंच.

एक शब्द राहिला, तो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता, 'राहिली'. गाण्याची पहिली ओळ, मैना गावावर राहिली. कुणी 'गावाकडं' गातं, कुणी 'गावाला', पण आमच्या भागात 'गावावर' असंच बोलतात आणि तेच मला जवळचं. राहिली म्हणजे मागं राहिली. मग प्रत्येक कडव्याच्या शेवटी त्याच यमकाचं क्रियापद येतं, गायिली, मग ती हात उंचावून उभी राहिली, मग छातीवर गोळी साहिली, मग रक्ताची धार वाहिली. आणि अगदी शेवटी, 'बिनी मारायची अजून राहिली'. बिनी म्हणजे सैन्याची आघाडी, बिनीचा शिलेदार म्हणतो आपण. आघाडी मारायची राहिलीय. आता 'राहिली' म्हणजे मागं पडली असं नाही, करायची बाकी आहे. तोच शब्द, तेच यमक, पण सुरुवातीला तो सुस्कारा आहे आणि शेवटी तो हुकूम आहे. एवढं अंतर या माणसाने एका क्रियापदावर पार केलंय, शाळा जवळजवळ न पाहिलेल्या माणसाने. मला विचाराल तर गाण्यात खरोखर लपलेलं असं काही असेल तर ते हे, कारण ते कुठं सांगितलेलं नाही, ते कानाला कळतं. 'काहिली' पण तसंच. आमच्याकडं गुऱ्हाळात रस उकळतो त्या मोठ्या कढईला काहील म्हणतात. व्युत्पत्ती मी सांगत नाहीये, पण वाळव्या-शिराळ्याच्या माणसाला जिवाची काहिली म्हटलं की ती रटरट ऐकू येते.

'मालकी' शब्दावर पण थोडं बोललो होतो, की तो गिरणीतला शब्द आहे, मालक-कामगारातला, आणि तो त्यांनी जमिनीच्या हद्दीला लावलाय, म्हणजे तुटलेल्या मुलखाकडं पण ते कामगाराच्याच नजरेने बघतायत. पण वेळ कमी होता, पोरांनी तो पॉइंट गाळला. मला तो गाळायला नको होता.

कार्यक्रम २७ तारखेला झाला. त्यांनी अर्थ सांगायच्या आधी पूर्ण गाणं म्हटलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक डफ आणि एक तुणतुणं, बाकी काही नाही. ज्यांनी 'राजकारण घुसडू नका' म्हटलेलं त्यांच्यातल्याच एका पोराने शेवटचं कडवं म्हटलं. भाची सांगत होती की पहिल्या दोन कडव्यांना मागच्या रांगेत शिट्ट्या होत्या, लोक हळदीसारखे नाचायच्या बेतात होते, छत्रीच्या ओळीला थांबले, आणि 'भेट नाही तिची' ला हॉलमध्ये आवाज नव्हता. निपाणीच्या मुलीने फक्त दोन वाक्यं बोलली, तिच्या घरात हे कधी वाजतं ते. बक्षीस दुसऱ्या ग्रुपला गेलं.

मी हे सगळं मोठ्या उत्साहाने आईला सांगितलं, की बघ, लोक अर्धंच गाणं ऐकतात आणि खरा अर्थ पुढं आहे. आई गहू निवडत होती. ती म्हणाली, तुझी आजी पण अर्धंच ऐकायची. जत्रेत तमाशाची पार्टी आली की हे गाणं असायचंच, नंतर रेडिओला लागायचं, दादा, म्हणजे माझे आजोबा, मुंबईला असायचे तेव्हा. ती ओसरीवर बसून ऐकायची, भाकरतुकड्याचं आलं, गावदरीचं आलं, दागिन्यांचं आलं. आणि 'हात उंचावुनी उभी राहिली' म्हटलं की ती उठायची, पदर खोचायची आणि गोठ्याकडं जायची. दरवेळी तिथंच उठायची. पुढचं गाणं तिनं कधी ऐकलंच नाही.